सगळं बरोबर आणि पाणी गार

...आणि वर तोंड करून हे गीजरवाले विचारतात काय, तर "मावशी, तुम्ही नक्की बटन दाबलं होतं ना?" अरे बाबांनो, बटन! बटन दाबायला काय बालिस्टर व्हावं लागतं? तुमाला सांगते, मी असते तर तिथल्या तिथं सुनावलं असतं, पण गीजर माझा नाय. माझ्या घरात चूल हाय, लाकूड घातलं की पेटते, तिच्यासाठी कुणाला फोन लावावा लागत नाय. गीजर नलूचा. पण बोईसरच्या बाजारात सव्वीस वर्षं तिची मासळीची पाटी आणि माझी पाटी मांडीला मांडी लावून बसलीय, त्यामुळे पाणी तिच्या घरात गार आणि डोकं इकडं माझं गरम! महिनाभर दुसरा विषय नाय. गिऱ्हाईक विचारतंय, "सुलूताई, बोंबील ताजे का?" आणि मी सांगतेय, "लाईन बरोबर हाय, टायमर बिघडलाय." गिऱ्हाईक पळालं ना!

आता तुमी बोलाल, एवढं काय ते गरम पाणी? थंडी कुठली आमच्या मुरबे गावाला? बरोबर हाय. अंघोळीला नकोच. नलूला पाणी पायजे हातांसाठी. तुमी मासे घेता ना? पापलेट उलटंपालटं करून बघता, गालफड उघडून बघता, नाक मुरडता आणि बोलता, "राहू दे, कोलंबी दाखवा." तुमी फक्त बघता हो. काढायचं कोणी? नलूनं. बर्फात हात घाल, काढ, दाखव, परत बर्फात ठेव. सकाळी सातपासून तीनपर्यंत हेच. पन्नाशी उलटली आणि बोटं वळायची बंद झाली. सकाळी कोयता हातात धरायचा तर मुठीला फडकं गुंडाळून वर सुतळी बांधायची, ती पण मी बांधायची. एकदा तर घोळ मासा कापताना कोयता सुटला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. बोटभर इकडं पडला असता तर ही गोष्ट सांगायला मी उभी नसते, बसलेली असते.

डॉक्टर बोलले, "घरी गेल्या गेल्या गरम पाण्यात हात घालायचे. गेल्या गेल्या! तासाभरानं नाय. रोज. नायतर एक दिवस मूठ मिटेल ती उघडायची नाय." झालं! नलूचा पोरगा अनुज, एमआयडीसीत कामाला, पोरगं गुणी हाय पण बोलणं सगळं कंपनीतल्या साहेबासारखं. तो बोलला, "आई, बास झाला बाजार. जागा दुसऱ्या कुणाला दे आणि घरी बस." नलूनं कसं बघितलं त्याच्याकडे! बोलली, "घरी बसून काय करू? भिंती मोजू? तुझ्या शाळेची फी कुठल्या भिंतीनं भरली?" शेवटी तह झाला. माघी पुनवेला गीजर बसवायचा, होळीपर्यंत रोज शेक घ्यायचा, आणि होळीला आईनं एका हातात नारळ धरून दाखवायचा. धरला तर बाजार, नाय धरला तर जागा सोडायची. आणि नलूची जागा सुटली तर माझ्या शेजारी कोण? कोणी नवी बाई येणार, मोबाईलवर गाणी लावणार. मला सांगा, माझी झोप उडेल की नाय?

तर पुनवेला गीजर आला. नुसता गीजर नाय, त्याला टायमर. का, तर आता घरोघरी नवीन मीटर बसलेत ना, दिवसा वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. म्हणून अनुजनं पडवीत भिंतीला एक गोल चकती लावली, कडेला बारीक बारीक दाते, एक दाता म्हणजे पाव तास. दुपारी बारा ते दोनचे दाते दाबले की तेवढाच वेळ गीजरला वीज, बाकीच्या टायमाला बटन दाबा नायतर बटनाची पूजा करा, वीज नाय. चारला नलू घरी, पाणी तयार. अनुजनं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. नलूला, मला, आणि नलूचे सासरे वामनबाबा, त्यांना पण. वामनबाबा म्हणजे जुने तांडेल. ऐंशी पार. पन्नास वर्षं बोट हाकली, आता डोळे अधू झाले, ओट्यावर बसून जाळी विणतात. बाबांना कळेना. तेवा अनुज बोलला, "बाबा, समुद्राला कशी भरती-ओहोटी असते? तशी विजेला. भरतीला घ्यायची, ओहोटीला घ्यायची नाय." बाबांनी मान हलवली. "आता कसं बोललास! आणि पुनवेला बाराची भरती. बरोबर हाय." अनुज खूष, आजोबांना टेक्नॉलॉजी कळली.

पाच दिवस पाणी असं कढत की नलू हात घालायची आणि डोळे मिटून बसायची. बाजारात येऊन मला बोटं नाचवून दाखवायची. षष्ठीला घरी गेली, हात घातला... गार! बटन दाबलं, दिवा पेटेना. परत दाबलं. भिंतीला थापटलं. गीजरला दोन शिव्या दिल्या, आमच्याकडच्या अस्सल. गार ते गारच.

लावला फोन गीजरच्या कंपनीला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीसाठी दोन दाबा." नलूचं बोट वळतंय कुठं दोन दाबायला? दाबायला गेली दोन आणि दाबला गेला पाच, बाई गुजरातीत बोलायला लागली! शेवटी मी दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक भय्या आला, पाठीला पिशवी. गीजरची पिन टायमरमधून उपटली, फ्रीजच्या जागी खुपसली, दहा मिनटात पाणी कढत. "देखो माताजी, कॉइल ठीक, थर्मोस्टेट ठीक, गीजर एकदम ओके. आपने बटन दबाया था ना?" परत बटन! सही घेतली आणि गेला. चारला नलू घरी. गीजर बरोबर, आणि पाणी गार!

मग बेटेगावचा वायरमन दिपेश. पोरगा हुशार हाय, पण टेस्टर कानावर ठेवतो आणि घरभर शोधतो. त्यानं लाईन बघितली, बोर्ड उघडला, बोलला, "काकी, लाईन बरोबर. पण टायमरचे दाते सरकलेत. बाराचे पार चारच्या पुढं गेलेत. कोणी हलवले?" नलू बोलली, "कोण हलवणार रे? अनुज ड्युटीवर, आमचे मालक बोटीवर, मी बाजारात. घरात बाबा एकटे, आणि बाबांना मोबाईल उचलता येत नाय, ते टायमर काय हलवणार?" तेही खरं. दिपेशनं दाते परत बारावर आणले. दुसऱ्या दिवशी? लाईन बरोबर, दाते सरकलेले, पाणी गार! दिपेश बोलला, "टायमर पुढं पळतोय. मशीनचा दोष." बदलला टायमर. तो पण पळाला! दिपेशचं तोंड बघण्यासारखं झालं. "काकी, टायमरमध्ये नाय, मग मीटरमध्येच काहीतरी हाय. नवीन मीटर टायमरला ओढत असणार."

ओढत असणार! झालं, नलूच्या हातात कोलीतच दिलं. तुमाला सांगते, मी बोलले होते, जाऊ दे गं, गॅसवर पातेलं ठेव. तर बोलते, "भरलेलं पातेलं उतरवायला बोटं मिटतात का माझी? आणि का ठेवू? अणूची वीज आमच्या तारापुरात होते, सगळ्या मुलखाला जाते, आणि मला हात बुडवायला मिळत नाय? मी बघतेच!" अशी हाय ती. माहेर दातिवऱ्याचं, तिकडच्या बाया अशाच. भांडण सोडलं तर जेवण पचत नाय.

दुसऱ्या दिवशी बाजार आटपून आमी दोघी लाईट ऑफिसात. माझ्या डोक्यावर तिची पाटी, तिच्या हातात स्टीलचा डबा. डब्यात काय? गीजरचं पाणी! पुरावा! साहेबाच्या टेबलावर ठेवला. "हात घाला." साहेब बिचारा घाबरला. "मावशी, हे काय आहे?" "तुमचं पाणी. हात घाला!" घातलं त्यानं बोट. "गार आहे." "तेच सांगतेय!" साहेब बोलतो, "अहो पण मुरब्याहून बोईसरला येईपर्यंत कुठलंही पाणी गारच होणार की!" मी मनात म्हटलं, संपलं, हरलो. नलू हरते? तिनं माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली, आतला बर्फाचा गोळा काढला आणि डब्याशेजारी ठेवला. "हा बर्फ पण मुरब्याहूनच आलाय सकाळी. हा का नाय झाला गरम?" साहेबानं बर्फाखालचे कागद तेवढे उचलले. कॉम्प्युटरवर टकटक करून बोलला, "मीटर बरोबर आहे, मला इथं दिसतंय." नलू बोलली, "माझे हात दिसतात का तिथं?" आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरले, वाकडे, लाल, फुटलेले. साहेबानं कीबोर्डवरचा हात काढला. खरं सांगते, रोज सुतळी बांधते मी, पण ते हात असे नीट मी पण कधी बघितले नव्हते. साहेब हळू बोलला, "तक्रार लिहून घेतो. माणूस पाठवतो." माणूस कसला येतोय! आज येतो, उद्या येतो... मीटर बरोबर, साहेब बरोबर, आणि पाणी गार!

आणि मग बघा गंमत. अवसेच्या आसपास आपोआप पाणी गरम! कोणी दुरुस्त केलं नाय, ऑफिसातून कोणी आलं नाय, आणि कढत! नलू बोलली, "बघितलंस? साहेबाला बर्फ दाखवला म्हणून." आठवडाभर राणीसारखी वागली बाजारात. षष्ठीला परत गार. आता मात्र तिचं तोंड उतरलं. होळीला आठ-नऊ दिवस राहिले होते. पाटीवर बसून मला बोलली, "सुले, नारळ काय धरला जायचा नाय माझ्याच्यानं. माझी जागा कोणाला द्यायची ते तू ठरव. फक्त त्या मोबाईलवर गाणी लावणारीला देऊ नको." सव्वीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. मला रडूच आलं, आणि समोर गिऱ्हाईक उभं, त्याला वाटलं भाव कमी केला म्हणून रडते.

तेवढ्यात दिपेश आला. हातात वही. पोरानं हट्टानं रोज संध्याकाळी येऊन टायमरचं लिहून ठेवलेलं. बोलला, "काकी, एक गोष्ट सांगू? हा पळतो पण हिशोबानं पळतो. रोज बरोबर तीन दाते. पाऊण तास. एक दिवस कमी नाय, एक दिवस जास्त नाय. मी बारावर आणला तरी दुसऱ्या दिवशी जिथं असायला पाहिजे तिथंच जातो. पुनवेच्या दिवशी बाराला होता, त्यानंतर आठ दिवसांनी सहाला, आणि परत अवसेला बाराला. असा टायमर मी जन्मात बघितला नाय."

नलूच्या हातात हलवा मासा होता, तो तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. अहो, कोळ्याच्या घरातलं पोर पण सांगेल हे! पुनवेला बारा, अष्टमीला सहा, अवसेला परत बारा, रोज पाऊण तास पुढं... ही वीज नव्हे हो. ही भरती! वायरमन, कंपनी, ऑफिस, सगळे वायरी तपासत बसले, आणि आमी दोघी समुद्राच्या पोटच्या पोरी, आमच्या टकुऱ्यात नाय आलं!

दुसऱ्या दिवशी नलू पाटी घेऊन नेहमीसारखी निघाली, वळणावर मला भेटली, आणि आमी दोघी चोरासारख्या मागच्या दारानं परत आलो. आपल्याच घरात चोरासारखं! पडवीच्या फटीतून बघितलं. वामनबाबा ओट्यावरून उठले. भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावलं. तिथी बघितली. मग स्टुलावर चढले, ऐंशी वर्षांचा माणूस, पाय लटपटतायत, आणि चष्मा टायमरला टेकवून एक एक दाता बोटानं चाचपून उचलायला लागले. दिवसात भरत्या दोन, म्हणून दाते पण दोन ठिकाणी. तोंडानं पुटपुटत होते, "आज सप्तमी... तीन दाते पुढं... त्या वायरमनला काय समजतं, रोज बारावर आणून ठेवतो गाढव... पोरीचे हात हायत, चूक नको व्हायला."

मी पुढं झाले होते, चांगली झाडणार होते, महिनाभर आमचा जीव काढला बाबा तुमी! नलूनं माझा दंड धरला. त्या वाकड्या बोटांनी असा धरला की वळ उठला. डोळ्यांत पाणी तिच्या. हळूच बोलली, "सुले, पोरांच्या बोटीवर आता मशीन आलं, भरती मोबाईलवर दिसते. दहा वर्षं झाली, ह्या माणसाला कुणी विचारलं नाय की बाबा, आज पाणी कितीला? एक शब्द बोललीस तर बघ."

आता सांगा, काय करायचं? सांगायचं नाय, आणि नारळ तर धरायचाय! पण नलू ती नलू. दिपेशला बोलावलं. त्यानं गीजरला दुसरा टायमर लावला, कपाटात, साड्यांच्या मागं, पक्का बारा ते दोन. आणि भिंतीवरचा जुना टायमर? तो तसाच, फक्त त्याला एक लाल दिवा जोडून दिला. बाबा दाते फिरवणार, भरतीला दिवा पेटणार, बाबा खूष. अनुजला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला, आणि जाऊन आजोबांशेजारी ओट्यावर बसला. आपल्याच तोंडानं शिकवलं होतं ना, विजेला भरती असते म्हणून!

आणि पाणी? कढत! रोज! होळीला अख्खं गाव जमलेलं. अनुजनं नारळ पुढं केला. नलूनं एका हातानं घेतला. एका हातानं! एक बोट अजून उभंच राहिलं हट्टी, पण नारळ धरला आणि असा भिरकावला होळीत की पलीकडे उभा असलेला महादू ओरडला, "अगं, होळीला मार, मला नको!" मी तिथंच नाचले. लाज कसली? माझी शेजारीण राहिली.

संपली गोष्ट, असं वाटलं ना तुमाला? मला पण वाटलं होतं.

आज अष्टमी. नलू चारला घरी आली, हात पाण्यात, वाफा निघतायत, मी शेजारी चहा पीत बसलेय. वामनबाबा आले. वाफ बघितली. पडवीत जाऊन लाल दिवा बघितला, बंद. परत आले, पाण्यात बोट घातलं, चटकन काढलं. "नलू, आज अष्टमी. भरती सहाला. आता चारला पाणी गरम कसं?" नलू माझ्याकडे बघते, मी कपात बघते. नलू बोलली, "बाबा, असेल कालचं." "कालचं? मला शिकवतेस? पन्नास वर्षं पाणी बघतोय मी. वीजवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय. उद्या तुझे हात बिघडले म्हणजे? लाव फोन! माझ्यासमोर लाव!" आणि बसले स्टूल घेऊन, हलायला तयार नायत.

लावला हो फोन ऑफिसात! तोच साहेब. नलूचं बोट आता वळतं, आकडे पण तिनंच दाबले. "बोला मावशी, काय तक्रार?" नलूनं बाबांकडे बघितलं आणि बोलली, "साहेब... टायम नसताना पाणी गरम येतंय." मग साहेब घाबऱ्या घाबऱ्या बोलतो, "मावशी, वेळ नसताना पाणी गरम? मग हे गंभीर आहे. तुम्ही कशाला हात लावू नका. उद्या सकाळी माणूस पाठवतो, घरी थांबा!"

पाणी गार होतं तेवा ऑफिसातलं चिटपाखरू फिरकलं नाय, आणि आता सगळं बरोबर, पाणी गरम, तर उद्या सकाळी माणूस येतोय. नलू घरी थांबणार, बाबा स्टुलावर बसणार, आणि बाजारात दोन्ही पाट्या मी सांभाळणार. तुमी येणार असाल तर सकाळी लवकर या, आणि पापलेट बघायचं तर बर्फातून तुमचं तुमी काढा.